इंग्लंडमधल्या खेड्यात घर घ्यायचंय? आधी एक हिवाळा तिथे काढा

लालमाती

आम्ही हेरफर्डशरमधल्या एका खेड्यात राहतो. साठेक घरं, एक चर्च, एक पब आणि आठवड्यातून दोन तास गावच्या हॉलमध्ये भरणारं पोस्ट. जवळचं बाजाराचं गाव लेमस्टर (लिहिताना लिओमिन्स्टर, पण तसं म्हणालात तर बसवाल्यालाही कळणार नाही). मी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, नवरा घरून काम करतो. बर्मिंगहॅमचा फ्लॅट सोडून २०१९ च्या ऑक्टोबरात इथे आलो. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चौघांनी "आम्हालाही खेड्यात घर घ्यायचंय, कसं करायचं?" असं विचारलं. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

माझं सांगणं एकच आहे. घर घेण्याआधी त्याच गावात एक हिवाळा भाड्याने राहा. ऑक्टोबर ते मार्च. जून महिन्यात घर बघून ठरवू नका. जूनमध्ये इथलं कुठलंही गाव स्वर्ग वाटतं. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, कुंपणावर गुलाब, पबच्या अंगणात माणसं. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो आणि तो खरा अंधार असतो, कारण रस्त्यावर दिवे नसतात. ते गाव आणि हे गाव वेगळं आहे, आणि आपल्याला दोन्हींत राहायचं असतं.

आमच्या बाबतीत हे शहाणपण नव्हतं, परिस्थितीने तसं घडवलं. सप्टेंबरमध्ये एक घर बघितलं होतं. मागे बाग, बागेच्या टोकाला ओढा, ओढ्यावर लाकडी साकव. मी तिथे उभी राहून नवऱ्याला म्हटलं, हेच. पण त्याची नोकरी अजून पक्की व्हायची होती, बँक कर्ज देईना. म्हणून त्याच गावात एका शेतकऱ्याच्या जुन्या धान्यकोठाराचं घर केलं होतं, ते सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतलं. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळ आलं. हेरफर्डमध्ये वाय नदीने तोवरची सगळी नोंद मोडली. लग आणि ॲरो या आमच्या बाजूच्या नद्या शेतांतून पसरल्या. त्या दिवशी सकाळी आम्ही गमबूट घालून गल्लीच्या तोंडाशी गेलो, तर तो ओढा बाग ओलांडून त्या घराच्या स्वयंपाकघराच्या पायरीला लागला होता. साकव दिसतच नव्हता. शेजारचे आजोबा म्हणाले, दर सातआठ वर्षांनी येतं इथपर्यंत. सप्टेंबरमध्ये हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा पुराचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो, पत्त्याचा पिनकोड घातला की झालं. तो बघाच. पण नद्यांचं पाणी वेगळं आणि उताराच्या शेतातून रस्त्यावर येणारं पाणी वेगळं. आमच्या गावात दुसऱ्याने जास्त घरं भिजतात. नकाशात दोन्ही असतात, लोक पहिलाच बघून थांबतात. पुराचा धोका असलेल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून 'फ्लड री' नावाची योजना आहे, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना ती लागू नाही. नवं घर म्हणजे निर्धास्त, हा समज इथे अगदी उलटा पडतो.

दुसरं घर आम्ही मे महिन्यात बघितलं, टाळेबंदीनंतर घरखरेदी पुन्हा सुरू झाली तेव्हा. तिथे अडलो सांडपाण्यावर. खेड्यातल्या पुष्कळ घरांना सार्वजनिक गटार नसतं, बागेत सेप्टिक टँक असते. या घराची टाकी तीन घरांत सामायिक होती आणि तिचं पाणी थेट ओढ्यात जात होतं. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२० पासून सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यानदीत सोडायला परवानगी नाही. छोटं शुद्धीकरण संयंत्र तरी बसवायचं किंवा पाणी जमिनीत मुरेल अशी व्यवस्था करायची. विकणारा म्हणे, इतकी वर्षं चाललंय. बाकी दोन घरांना खर्चात पडायचं नव्हतं. आम्ही माघार घेतली. सर्व्हेचे आणि वकिलाचे पैसे गेले, त्याचं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

तिसरं घर आमचं. सतराव्या शतकातलं लाकडी चौकटीचं, काळ्या तुळया आणि मधे पांढऱ्या भिंती. लिस्टेड, म्हणजे ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत नोंदलेलं. वेब्ली, पेंब्रिज, एर्डिसलंड या आमच्या बाजूच्या गावांत अशी घरं रांगेने दिसतात. त्या पांढऱ्या भिंती मुळात कुडाच्या. काठ्यांची विणलेली कुडं, त्यावर माती-शेण-पेंढ्याचा गिलावा, वर चुना. सर्व्हेअर हे समजावून सांगत होता तेव्हा मला आजोळचं घर आठवलं. अशा भिंती ओल घेतात आणि सोडतात. कुणी शहाणपणा करून वरून सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत कोंडते आणि जोत्याची तुळई कुजते. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला तेच झालं होतं. किंमत त्याप्रमाणे कमी करून घेतली आणि दोन उन्हाळे सिमेंट काढून चुना करण्यात गेले. जुन्या घराला लेव्हल थ्रीचा, म्हणजे सगळ्यात तपशीलवार सर्व्हे करा. लेव्हल टू स्वस्त पडतो, पण त्यात "तज्ज्ञाला दाखवावे" अशी वाक्यं फार असतात आणि हातात काही लागत नाही.

बाकी तुमच्या प्रश्नांप्रमाणे लिहीन.

ओलीवाट

उत्तम धागा. ताई, आम्ही स्विंडनला आहोत, मुलगा सहा वर्षांचा, बायकोला खेड्यात जायचंय आणि मला भीती वाटते. तीन प्रश्न. लिस्टेड घर घेऊ नये असं सगळे म्हणतात, तुम्ही का घेतलं? गॅस नसेल तर घर गरम कसं करता? आणि तिसरा जरा अवघड आहे. आपल्या रंगाचं कुणी नसलेल्या गावात कसं वाटतं?

लालमाती

ओलीवाट, तिसऱ्यापासून सुरू करते, कारण ते कुणी लिहीत नाही.

पहिल्या महिन्यात दुकानात एका बाईंनी मला विचारलं, "तू कुठल्या फार्मवर आहेस?" इथे स्ट्रॉबेरी आणि सफरचंदाच्या तोडणीला दरवर्षी बाहेरदेशांतून माणसं येतात, त्यांना मी त्यांच्यातली वाटले. हॉस्पिटलात आहे म्हटल्यावर सूर बदलला. तो बदललेला सूर मला जास्त लागला. तोडणीला आलेल्या बाईशीही त्यांनी त्याच सुरात बोलायला हवं होतं. गाडीतून कुणीतरी ओरडून जाण्याचा प्रकार सहा वर्षांत एकदा झाला, गावाबाहेरच्या रस्त्यावर. तो मी विसरलेले नाही.

आणि हेही तितकंच खरं. मला कोविड झाला तेव्हा अकरा दिवस रोज दारात काहीतरी ठेवलेलं असायचं. सूप, अंडी, एकदा सायडरची बाटली. कुणी ठेवलं ते बरेचदा कळलंच नाही. गावात ओळख व्हायला नुसतं हसून चालत नाही, काहीतरी काम अंगावर घ्यावं लागतं. मी हॉलच्या चाव्या सांभाळते. कुठलीही बैठक, वाढदिवस, व्यायामवर्ग, मतदान असलं की चावी माझ्याकडून न्यावी लागते. एका वर्षात सगळं गाव दारात येऊन गेलं.

लिस्टेड घराबद्दल. इंग्लंडमध्ये अशा नोंदी जवळपास चार लाख आहेत आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टू, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाच्या. म्हणजे ही फार दुर्मीळ गोष्ट नाही. घर लिस्टेड असणं हा फक्त दर्शनी भागाचा मामला नाही, आतला जिना, दारं, चूलसुद्धा त्यात येतात. परवानगीशिवाय बदल करणं हा गुन्हा आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की आधीच्या मालकाने विनापरवाना खिडक्या बदलल्या असतील तर त्या पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते, कितीही वर्षं झाली तरी. म्हणून जुने फोटो, जुनी कागदपत्रं, कौन्सिलकडचे परवाने हे सगळं वकिलाकडून नीट ताडून घ्या. आम्ही का घेतलं? भिंतीला हात लावल्यावर सोडवेना म्हणून. हे कारण तुम्हाला चालेल असं नाही.

घर गरम करायला तेल. बागेत हजार लिटरची टाकी, केरोसीन. वर्षातून दोन-तीनदा टँकर येतो, बहुतेक कंपन्या एका वेळी ५०० लिटरपेक्षा कमी देत नाहीत. गॅस आणि विजेच्या दराला सरकारी मर्यादा आहे, तेलाला नाही. मार्च २०२२ मध्ये लिटरचा भाव एका पौंडाच्या वर गेला तेव्हा गावातल्या दोन म्हाताऱ्या बायका एका खोलीत राहायला लागल्या होत्या. आता गाव मिळून एकत्र ऑर्डर देतं, त्याने भाव थोडा उतरतो. टाकी दुहेरी भिंतीची आहे का बघा. ओढ्यापासून १० मीटरच्या आत असेल तर ती दुहेरी असावीच लागते, आणि जमिनीत तेल गळलं तर साफ करण्याचा खर्च टाकीच्या किमतीच्या कित्येक पट येतो.

डेव्हनची_पायवाट

भाड्याने राहायचा सल्ला मनापासून पटला, पण आमच्याकडे तो अशक्य आहे, हेही लिहायला हवं. उत्तर डेव्हनच्या किनाऱ्यालगत भाड्याची घरं सुट्टीवर येणाऱ्यांना आठवड्याच्या दराने जातात. हिवाळ्यात मिळतं, पण मार्चअखेर बाहेर. आम्ही नर्स आणि शिक्षक अशी जोडी, दोन वर्षांत चार घरं बदलली. मुलीची शाळा मात्र एकच ठेवली, त्यासाठी रोज २२ मैल गाडी चालवली.

आमच्या गल्लीत नऊ घरं आहेत, जानेवारीत तिघांच्याच खिडकीत दिवा असतो. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जने २०१६ मध्ये लोकमत घेऊन ठरवलं की नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच मिळतील, ८३ टक्के लोकांनी त्याला हो म्हटलं. सेंट आइव्ह्ज खेडं नाही, छोटं शहर आहे, पण दुखणं तेच. एप्रिल २०२५ पासून कौन्सिलना दुसऱ्या घरावर दुप्पट कर लावता येतो. त्याने दिवे लागतील का, हे मला अजून दिसलेलं नाही.

एक वाट मात्र सांगते, कारण आम्हाला त्याच वाटेने घर मिळालं. कौन्सिलने भाडेकरूंना विकलेली काही जुनी घरं असतात, ग्रामीण भागात त्यांवर अट असते की पुढचा खरेदीदार तीन वर्षं त्याच भागात राहत किंवा काम करत असलेला हवा. त्यामुळे शहरातला पैसेवाला येत नाही आणि किंमत आटोक्यात राहते. दिसायला ती घरं साधी. विटांची, १९५० च्या आसपासची. पण मोठी बाग, कोरड्या भिंती, सार्वजनिक गटार. गुलाबवेलीचं कॉटेज हवं असणारे त्यांच्याकडे बघतही नाहीत. आम्ही तिथे सुखी आहोत.

लालमाती

डेव्हनची_पायवाट, मी एका बाजूचं लिहिलं हे खरंय. आमच्या बाजूला सुट्टीची घरं कमी, म्हणून भाड्याने राहणं जमलं. जिथे नाही जमत तिथे निदान फेब्रुवारीत आठवडाभर गावातल्या पबच्या वरच्या खोलीत राहा. नऊपैकी तीनच दिवे, हेही मग तेव्हाच दिसेल.

जमाखर्च

गृहकर्जाच्या कामात १४ वर्षं आहे, म्हणून फक्त पैशाचं लिहितो.

स्टॅम्प ड्यूटी एप्रिल २०२५ पासून अशी: पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. म्हणजे साडेतीन लाखांच्या घराला ७,५०० पौंड. पहिलंच घर असेल तर तीन लाखांपर्यंत काही नाही आणि वरच्या पन्नास हजारांवर ५ टक्के, म्हणजे २,५००. ही सवलत घराची किंमत पाच लाखांच्या आत असेल तरच.

आता आपल्या लोकांसाठी खास. "पहिलं घर" म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल, किंवा पूर्वी होता आणि विकला असेल, तरी पहिल्या घराची सवलत नाही. जोडप्यातल्या एकाचा असला तरी नाही. आणि आज तो फ्लॅट तुमच्या नावावर आहे, तुमचा हिस्सा ४०,००० पौंडांच्या वर आहे, आणि इथलं राहतं घर विकून हे दुसरं घेत नसाल, तर सगळ्या रकमेवर आणखी ५ टक्के. त्याच साडेतीन लाखांच्या घराला ७,५०० ऐवजी २५,००० पौंड. माझ्यासमोर एक जोडपं या आकड्याने रडलेलं आहे. ठाण्यातलं घर आईबाबांसाठी घेतलं होतं, आपलं म्हणून मोजलंच नव्हतं त्यांनी. वडिलोपार्जित घराला तुमचं नाव लागलेलं असेल तर ते वकिलाला पहिल्या दिवशी सांगा, शेवटच्या नाही.

आणखी एक. इथे ऑफर मान्य झाली म्हणजे व्यवहार झाला असं नाही. दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं, आणि जास्त पैसे देणारा मिळाला तर विकणारा त्याच्याकडे वळू शकतो. हे कायदेशीर आहे. अदलाबदलीच्या दिवशी साधारण १० टक्के भरायचे, मग मात्र मागे फिरलात तर ते जातात. गवती छपराचं किंवा लाकडी चौकटीचं घर असेल तर काही बँका कर्जच देत नाहीत, म्हणून घर आवडायच्या आधी बँकेला विचारून ठेवा.

चुनखडी

मी दक्षिण ऑक्सफर्डशरमध्ये, चिल्टर्न टेकड्यांत. ३१ वर्षं झाली. माझा मुद्दा पाण्याचा.

या टेकड्या खडूच्या आहेत. पाऊस पडतो आणि खाली निघून जातो, वर ओढा नाही, विहीर खणायची तर खूप खोल. आमच्या जवळ स्टोक रो नावाचं गाव आहे, तिथे घुमट असलेली एक विहीर आहे. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी ती बांधून दिली. याच भागातला एडवर्ड रीड नावाचा अधिकारी उत्तर हिंदुस्थानात नोकरीला होता, त्याने गावाकडच्या पाण्याच्या हालांची गोष्ट महाराजांना सांगितली होती. ३६८ फूट खोल, सगळी हाताने खणलेली, १८६४ मध्ये गावाला खुली झाली. माझे सासरे सोलापूरचे. २००६ साली त्यांना तिथे नेलं, तेव्हा ते कठड्याला हात टेकून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, दुष्काळ बघितलेल्या माणसालाच हे सुचतं. मी ती विहीर शंभरदा बघितली होती, पण त्यांच्यासोबत पहिल्यांदा बघितली.

आता सल्ला. एकट्या-दुकट्या घरांना आजही नळ नसतो, स्वतःची बोअर किंवा झरा असतो. पाणी कुठून येतं, पंपाची वीज कोण भरतं, पाइप कुणाच्या शेतातून येतो आणि त्याचा हक्क कागदावर आहे का, हे विचारा. कौन्सिलकडे पाण्याची तपासणी मागता येते. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद, एवढं लक्षात ठेवून दोन पिंपं भरून ठेवायची. साध्या तांब्याच्या तारेवरचे जुने फोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहेत, म्हणजे वीज गेली की घरचा फोनही बंद. ज्यांच्याकडे मोबाइलला रेंज नाही त्यांनी बॅटरीची सोय आधी करावी.

ओलीवाट

बायकोला हे सगळं वाचून दाखवतोय. ती म्हणते शाळा आणि डॉक्टर विचार.

लालमाती

शाळा: आठ वर्षांखालच्या मुलाला पात्र असलेली जवळची शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल तर कौन्सिल मोफत वाहन देतं, आठ वर्षांनंतर हे अंतर तीन मैल होतं. गावातल्या शाळा छोट्या असतात, दोन इयत्ता एका वर्गात. माझी मैत्रीण तिथे शिकवते, ती म्हणते मुलं एकमेकांकडून शिकतात. पण पटसंख्या किती आहे आणि गेल्या काही वर्षांत ती वाढतेय की घटतेय, हे जरूर विचारा. शाळा बंद झाली की गाव दहा वर्षांत म्हातारं होतं, आमच्या पलीकडच्या गावाचं झालंय.

डॉक्टर: खेड्यातल्या काही दवाखान्यांतून औषधंही मिळतात. औषधाच्या दुकानापासून एका मैलापेक्षा लांब राहणाऱ्यांना ही सोय घेता येते, ती फार मोठी आहे. रुग्णवाहिकेला मात्र वेळ लागतो. आमच्या चौकातल्या लाल टेलिफोन बूथमध्ये आता हृदय पुन्हा सुरू करायचं यंत्र ठेवलंय. असे बूथ गावांना एका पौंडाला मिळतात. मी दर सहा महिन्यांनी हॉलमध्ये लोकांना ते कसं वापरायचं ते शिकवते. २०२३ मध्ये ते एकदा लागलं. माणूस वाचला, आमच्या समोरच राहतो.

उंबरठा

ताई, एक वेगळाच प्रश्न. ग्रामपंचायतीसारखं काही असतं का? आमचे वडील सरपंच होते, म्हणून कुतूहल.

लालमाती

उंबरठा, असतं. पॅरिश कौन्सिल. १८९४ च्या कायद्याने आलं, आज इंग्लंडमध्ये पॅरिश आणि टाउन कौन्सिल मिळून साधारण दहा हजार आहेत. आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा अधिकार फारच कमी. रस्ता नाही, पाणी नाही, शाळा नाही. बाक, दफनभूमी, खेळाचं मैदान, पायवाटांची फाटकं, हॉल. पण कुणी नवं घर बांधायचा अर्ज केला तर त्यांचं मत विचारतात, आणि तेव्हा हॉल भरतो.

आपल्या लोकांना बहुधा माहीत नसतं, भारतीय पासपोर्ट असला तरी आपण राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथल्या सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतो, संसदेच्यासुद्धा. व्हिसावर असलात तरी. मतदारयादीत नाव मात्र स्वतः घालावं लागतं. आणि कायमचा राहण्याचा परवाना मिळाला की पॅरिश कौन्सिलवर उभंही राहता येतं. खेड्यात जागा रिकाम्याच असतात, निवडणूक झाली नाही तर उरलेले सदस्य मिळून माणूस घेतात. मी गेल्या वर्षी अशीच आत गेले.

पहिल्याच बैठकीत विषय होता नदीचा. लगच्या खोऱ्यात नदीत फॉस्फेट इतकं वाढलं की २०१९ च्या शेवटापासून उत्तर हेरफर्डशरमध्ये नव्या घरांचे परवाने अडकून पडले. शेवटी कौन्सिलने लस्टन गावाजवळ सांडपाणी गाळायला पाणथळ तयार केली. वायच्या सगळ्या खोऱ्यात दोन कोटींच्या आसपास कोंबड्या पाळल्या जातात, त्यांचं खत शेतात जातं आणि पावसाने नदीत. ज्यांच्या शेड आहेत ते माझ्याशेजारी बसलेले, ज्यांच्या मुलांना गावात घर बांधता येत नाही तेही तिथेच. कुणी आवाज चढवला नाही, पण अडीच तास कुणी उठलंही नाही. मी त्या रात्री घरी येऊन बाबांना साताऱ्याला फोन केला, तिथे पहाटेचे तीन वाजले होते. ते जागेच होते. म्हणाले, कोयनेच्या पाण्यावरून आमच्याही अशाच बैठका व्हायच्या.

रानवारा

बऱ्याच जणांनी अडचणी लिहिल्या, मी थोडं दुसरं लिहितो. नॉरफोकमध्ये नऊ वर्षं. पायवाटांबद्दल कुणीच बोललं नाही. इथे खाजगी शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा कायद्याने राखलेल्या आहेत, कौन्सिलकडे त्यांचा अधिकृत नकाशा असतो. शेतकऱ्याने नांगरली तरी वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. माझ्या दारातून निघून मी गाडीच्या रस्त्याला न लागता सहा मैल चालतो, गव्हातून, बीटातून, चर्चच्या दफनभूमीतून. घर घेताना तो नकाशाही बघा. वाट तुमच्या अंगणातूनसुद्धा जात असू शकते, आणि तसं असेल तर ती बंद करता येत नाही.

चर्चवरून आठवलं. जुन्या काळच्या काही जमिनींवर चर्चच्या गाभाऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च देण्याची जबाबदारी चिकटलेली असते. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावातल्या एका जोडप्यावर असा बोजा आला, खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००३ मध्ये ते हरले. त्यानंतर चर्चला अशा जबाबदाऱ्या १३ ऑक्टोबर २०१३ पर्यंत नोंदवायला सांगितल्या, त्यामुळे आता धोका बराच कमी झालाय. तरी वकील यासाठी छोटा शोध किंवा विमा सुचवतात. थोड्या पैशांत होतं, करून टाका.

लालमाती

रानवारा, पायवाटांचं लिहिलंत, बरं झालं. माझ्याकडून राहिलंच होतं.

आमच्याकडे जानेवारीत वासेल करतात. रात्री मशाली घेऊन सफरचंदाच्या बागेत जायचं, सगळ्यात जुन्या झाडाभोवती गोल उभं राहायचं, मुळाशी सायडर ओतायचं, फांदीत भाजलेला पाव अडकवायचा आणि पीक चांगलं येऊ दे म्हणून गायचं. पहिल्या वर्षी मी मागे उभी होते. शेवटी एका बाईंनी हातात पाव दिला, "तू लाव." माझ्या डोळ्यांसमोर आजी तिफणीला हळदकुंकू लावताना आली. मी पाव फांदीत अडकवला आणि नकळत नमस्कार केला. शेजारच्या लहान मुलीने बघून तसाच हात जोडून केला. गेल्या जानेवारीत ती तेरा वर्षांची झाली होती, तिने पुन्हा केला, आणि तिच्या धाकट्या भावाला करायला लावला.

हे सगळं हिवाळ्यात होतं. म्हणून मी म्हणते की हिवाळ्यात राहा.

ओलीवाट

ताई, सगळ्यांचे आभार. ग्लॉस्टरशरमध्ये एक घर नजरेत आहे, दगडी, लिस्टेड नाही. येत्या शनिवारी दुपारी दाखवणार आहेत. भाड्याने राहणं या घडीला जमणार नाही, मुलाची शाळा मध्येच आहे. एका भेटीत काय बघू?

लालमाती

शनिवार दुपार नको. शक्य असेल तर मंगळवारी सकाळी साडेसातला तिथे पोचा, घर दाखवण्याआधीच. शाळेच्या आणि कामाच्या वेळेला गल्ली कशी असते, ट्रॅक्टर आणि दुधाचा टँकर कुठून जातो, समोरून गाडी आली तर कुणाला मागे घ्यावं लागतं, हे कळेल. खिशातला फोन बाहेर काढून रेंज बघा, आत, बाहेर, जिन्यात. रात्रभर पाऊस झालेला असेल तर फारच उत्तम. शेजारच्या घराचं दार वाजवा आणि "पाणी कुठपर्यंत येतं?" एवढंच विचारा. "येतं का" विचारू नका. मग पबमध्ये जेवा आणि तिथल्या माणसाला विचारा, इथे तेल सगळे मिळून मागवतात का. हो म्हणाला तर गाव एकमेकांशी बोलतं असं समजा.

जमाखर्च

आणि पुण्यातल्या फ्लॅटचं?

ओलीवाट

फ्लॅट नाही, पण चिपळूणच्या घराच्या उताऱ्यावर माझं आणि भावाचं नाव आहे. वकिलाला आजच मेल केली. मंगळवारची सुट्टी टाकली, बायकोही येतेय. जाहिरातीच्या फोटोत तेलाची टाकी दिसतेय, कुंपणाला लागून, आणि कुंपणामागे काहीतरी वाहतंय असं वाटतं. दहा मीटर आहे का ते पावलांनी मोजून इथेच लिहितो.